नाव ठेवण्याआधी शेंग बघा

जबलपुरात परसात मटार लावणं म्हणजे मिठागराशेजारी राहून घरी मीठ पिकवण्यासारखंच आहे. पाटण, शहपुरा, पनागरकडून हिवाळ्यात मटाराच्या गाड्यांवर गाड्या शहरात येतात, भाव उतरतो, आणि तरीही आम्ही मागच्या अंगणात दोन वाफे लावतोच. या वाफ्यांत मटाराच्या बरोबरीनं, कधी त्याच्याही आधी, एक तण हजेरी लावतं. हिरवंगार, जमिनीसरपट, बारीक कातरलेल्या पानांचं. पाणी घालताना त्याच्यावर पाय पडला की उग्र, जळकट वास नाकात शिरतो. आमचा माळी त्याला नुसतं ‘खरपतवार’ म्हणतो. जे आपण लावलं नाही ते सगळं त्याच्या लेखी खरपतवार.

मी मात्र एके काळी त्याला ‘पित्तपापडा’ म्हणून मोकळा झालो होतो. शेजारच्या काकूंनी माझ्यावर भरवसा ठेवला आणि कणकणीवर काढा करायला मूठभर उपटून नेलं. दहा मिनिटांत त्यांच्या स्वयंपाकघरातून असा काही भपकारा सुटला, की त्यांनी पातेलं तसंच न्हाणीत रिकामं केलं आणि कुंपणावरून मला विचारलं, “भाऊजी, नक्की पित्तपापडाच ना?” नव्हता. घोटभरही कुणाच्या पोटात गेला नाही, हे नशीब. आपण घाईनं रोपाला नाव ठेवलं की लोक आपल्याला नावं ठेवतात, हा धडा मी त्या दिवशी घेतला. तेव्हापासून माझा एकच नियम आहे: फळ हातात आल्याशिवाय रानातल्या रोपाला नाव द्यायचं नाही. मोहरीच्या कुळातल्या तणांना तर हा नियम दुप्पट लागू आहे. ते का, ते सांगतो.

वाफ्यातलं ते रोप म्हणजे लेपिडियम डिडिमम. जुन्या पुस्तकांत, आणि शेतकी खात्याच्या बऱ्याच पत्रकांत अजूनही, ते कोरोनोपस डिडिमस या नावानं सापडेल. दोन्ही एकच. लिनियसनं 1767 मध्ये त्याला लेपिडियममध्ये घातलं होतं, पुढे जेम्स एडवर्ड स्मिथ या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याला कोरोनोपसमध्ये नेलं, आणि 2002 मध्ये अल-शेहबाझ आणि सहकाऱ्यांनी अख्खा कोरोनोपसच परत लेपिडियममध्ये विलीन केला. दोन शतकं सासरी काढून माहेरी परतलेलं हे रोप मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. आज ते जगभर पसरलं आहे: बागा, गव्हाची शेतं, फरसबंदीच्या फटी, कुठेही.

नाकानं सुरुवात करा

पान चुरगाळा आणि हुंगा. पहिली चाचणी हीच, आणि ती फुकट आहे.

मोहरीचा दाणा अख्खा असताना त्याला वास नसतो. कैरीच्या लोणच्यासाठी मोहरी फेसायला घेतली की मात्र डोळ्यांत पाणी येतं, झणका टाळूपर्यंत चढतो. दाण्यात एक गंधकयुक्त पदार्थ आणि एक विकर वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले असतात. दाणा चिरडला, त्याला पाणी लागलं, की दोघांची गाठ पडते आणि तो झणझणीत द्रव तयार होतो. फोडणीच्या तापलेल्या तेलात मोहरी तडतडते पण फेसलेल्या मोहरीइतकी झोंबत नाही, कारण उष्णतेनं विकर निकामी होतं. मुळा, कोबी, सलगम, अळीव, मोहरी या सगळ्यांच्या वासाचं मूळ एकच. कीड खायला आली, पान फाटलं, की झणका सुटावा, अशी ही संरक्षणाची व्यवस्था आहे. कुळातल्या बहुतेक रोपांत ती कमीजास्त सापडते.

लेपिडियम डिडिममचा वास मुळ्यापेक्षा उग्र आणि ओशट. दुभत्या जनावरांनी ते खाल्लं तर वास दुधात उतरतो, आणि चहाच्या कपाशी तो पहिल्यांदा लक्षात येतो. फेब्रुवारीत दुधाला असा वास आला तर गवळ्यावर पाणी घातल्याचा आरोप करण्याआधी म्हशी कुठे चरतात ते विचारा.

वास आला म्हणजे काम झालं असं मात्र नाही. वास कूळ सुचवतो, जात सांगत नाही. शिवाय उग्र वासाची रोपं इतर कुळांतही भरपूर आहेत.

शाळेतलं फूल इथे दगा देतं

मोहरी कुळाची ओळख आपल्याला शाळेत शिकवलेली असते. चार हिरवी दलं, चार पाकळ्या, त्या फुलीसारख्या समोरासमोर. सहा पुंकेसर, त्यांतले चार लांब आणि बाहेरचे दोन आखूड. या फुलीवरूनच कुळाचं जुनं नाव क्रुसिफेरी पडलं. नवं नाव ब्रॅसिकेसी. लिनियसनं पुंकेसर मोजून वनस्पतींचे जे वर्ग पाडले त्यांतले बरेचसे पुढे टिकले नाहीत, पण ‘चार लांब, दोन आखूड’वाल्यांचा वर्ग जवळजवळ जसाच्या तसा एक नैसर्गिक कूळ ठरला. त्या कुळात आज जगभर सुमारे चार हजार जाती धरतात.

आता ही व्याख्या डोक्यात ठेवून माझ्या वाफ्यातलं रोप बघा. पाकळ्या? भिंगाखाली पांढऱ्या रेघेएवढ्या, बऱ्याचदा त्याही नाहीत. पुंकेसर? बहुधा दोन. पाठ्यपुस्तकाच्या हिशेबानं हे रोप नापास! मी पित्तपापड्याच्या भरीस पडलो त्याचं कारण हेच. फुलात फुली दिसली नाही, म्हणून मोहरीचं कूळ मनात आलंच नाही.

फूल वितळून गेलं, आटलं, गळलं तरी फळ आपला नमुना सोडत नाही. म्हणून मी सगळा भर फळावर देतो.

मोहरीची शेंग आणि मटाराची शेंग शेजारी ठेवून सोला. हा प्रयोग एकदा केला की आयुष्यभर विसरणार नाही. मटाराची शेंग उघडली की दाणे एकाच शिवणीला लटकलेले दिसतात आणि आत मोकळी पोकळी असते. मोहरीची वाळकी शेंग उघडा. दोन्ही बाजूंच्या साली खालून वर सुटत जातात, आणि मध्ये पातळ, कागदासारखा, अर्धपारदर्शक पडदा चौकटीत ताणलेला उरतो. बिया त्या चौकटीच्या दोन्ही कडांना असतात. शास्त्रीय मराठीत या फळाला ‘सार्षप’ म्हणतात. सर्षप म्हणजे मोहरी, त्यावरून. हा पडदा दिसला की कूळ जवळजवळ नक्की. शेंगा झडून गेल्यानंतरही हे चंदेरी पडदे मार्चभर काड्यांवर हलत असतात, तेव्हा वाळलेलं रोपही ओळखता येतं.

लेपिडियम डिडिममचं फळ याच नमुन्याचं, पण दाबून चपटं केलेलं आणि आखडलेलं. उंची जेमतेम दीड मिलीमीटर, रुंदी अडीच. वरून खाच, खालून खाच, आणि दोन्ही बाजूंना सुरकुतलेले दोन गोल फुगे. भिंगातून अगदी चष्म्यासारखं दिसतं. ‘डिडिमम’ म्हणजे जुळं. नाव फळावरूनच आलं आहे. प्रत्येक फुग्यात एक बी. हे फळ उघडत नाही. पिकलं की दोन अर्धं सुटून पडतात, बी आतच बंद. हा चष्मा एकदा भिंगातून पाहिला की दुसरी कुठली जात मनात येत नाही.

आणखी एक खूण. बहुतेक झाडांत फुलांची दांडी पानाच्या बगलेतून निघते. इथे ती पानाच्या समोरच्या बाजूनं निघाल्यासारखी दिसते. फांद्या मध्यापासून चहूबाजूंना जमिनीवर पसरतात, एखाद्यानं हिरवी रांगोळी घालावी तशा. मोकळ्या जागी हे वर्तुळ हातभर रुंद होतं. दाटीत, गव्हाच्या ओळींत, तेच रोप उभं राहायला बघतं आणि ओळखू येत नाही.

ताटलीतला अळीव

ज्यांना हे सगळं पुस्तकी वाटतं त्यांना मी अळीव पेरायला सांगतो. बाळंतिणीच्या लाडवांतला अळीव म्हणजे लेपिडियम सॅटायव्हम, आपल्या तणाचा सख्खा चुलतभाऊ. इथल्या बाजारात तो ‘हालों’ किंवा ‘चंद्रशूर’ म्हणून मिळतो. ओल्या फडक्यावर चमचाभर पसरा. बिया बुळबुळीत होतील, दोन-तीन दिवसांत कोंब दिसतील. पहिली जोडपानं नीट बघा: प्रत्येक पान तीन भागांत विभागलेलं असतं. मोहरीची जोडपानं रुंद आणि टोकाला खाच असलेली; अळीवाची तिहेरी. फार थोड्या रोपांची जोडपानं अशी असतात. मग एक पान चावा. तोच झणका, फक्त सौम्य आणि चवदार.

चार रोपं कुंडीत वाढू द्या. फुलं आली की चार पाकळ्या दिसतील, पुढे चपटी, गोलसर, वरून खाच असलेली फळं येतील. ती सुकली की उघडतात. आता वाफ्यातल्या तणाचा चष्मा शेजारी ठेवा. एका घराण्यातली दोन भावंडं कशी, एकसारखी आणि तरी वेगळी, ते कुठलंही पुस्तक न उघडता कळेल.

हवेलीतली पिवळी फुलं

मोहरी कुळाचं दुसरं तण ओलीचं. जबलपूरच्या पाटण-सिहोरा पट्ट्याला जुने लोक ‘हवेली’ म्हणतात. तिथली काळी, जड माती पावसात नांगरता येत नाही, म्हणून शेताला उंच बांध घालून पावसाचं पाणी आतच अडवून ठेवायचं आणि दसऱ्याच्या सुमारास ते सोडून देऊन त्या ओलीवर गहू, हरभरा, मसूर पेरायची, अशी तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. तीन महिने पाण्याखाली राहिल्यानं खरिपातलं तण, कासासारखं चिवट गवतसुद्धा, दबून जाई. सोयाबीन आल्यावर पुष्कळ शेतांतून ही रीत उठली. पण जिथे पाणी नुकतंच उतरलं आहे अशा कुठल्याही जागी, बांधाच्या कडेला, गटाराशेजारी, ग्वारीघाट-तिलवाराघाटाजवळ नर्मदेनं मागे टाकलेल्या गाळावर, हिवाळ्यात एक लहान पिवळ्या फुलांचं रोप उभं असतं. लोक त्याला ‘जंगली सरसों’ म्हणतात. बहुतेक वेळा ते रोरिप्पा असतं.

रोरिप्पाच्या तीन जाती गोंधळात पाडतात. इथेही शेंगच सोडवते. रोरिप्पा इंडिका: पिवळ्या पाकळ्या तीनेक मिलीमीटरच्या, शेंग सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर, किंचित वर वळलेली, आतल्या प्रत्येक कप्प्यात बिया दोन ओळींत. रोरिप्पा डुबिया: पाकळ्या बहुधा नाहीतच, शेंग सुतळीच्या धाग्याएवढी बारीक आणि लांबट, बिया एकाच ओळीत. रोरिप्पा पॅलस्ट्रिस: शेंग आखूड आणि फुगीर, तिच्या देठाइतकीच लांब, हिरव्या भातासारखी. सुईनं शेंग उभी चिरून बियांच्या ओळी मोजायला दोन मिनिटं लागतात. पानांच्या आकारावर विसंबाल तर तिन्ही एकमेकांत मिसळतात, कारण एकाच जातीचं पान ओलीत एक रूप घेतं आणि कोरड्यात दुसरं.

रोपवाटिकेतून आणलेल्या कुंडीत इवल्या पांढऱ्या फुलांचं, पिसासारख्या पानांचं नाजूक रोप आलं तर त्याच्या पिकलेल्या शेंगेला हलकेच बोट लावा. साली फटकन गुंडाळतात आणि बिया तोंडावर उडतात. ते कार्डामिनी. आणि उंच, पिवळं, ज्याच्या कोवळ्या शेंगा फुलांच्याही वर डोकं काढतात, ते सिसिम्ब्रियम इरिओ. युनानी औषधांतली ‘खूबकलां’ त्याच्याच बिया. 1666 च्या आगीनंतर लंडनच्या जळक्या ढिगाऱ्यांवर ते इतकं माजलं की इंग्रजांनी त्याला लंडनचंच नाव दिलं. त्रिकोणी, बटव्यासारख्या फळांचं कॅप्सेला उत्तरेत आणि डोंगराळ भागात जास्त.

तणाचं कूळ म्हणून याला कमी लेखू नका. जगात ज्या वनस्पतीचा जनुकसंच सगळ्यात आधी, 2000 साली, पूर्ण वाचला गेला ती अॅराबिडॉप्सिस थॅलियाना याच कुळातलं एक फालतू तण आहे.

मोहरीचे तोतये

इथे मात्र चूक महागात पडू शकते, म्हणून जरा थांबून वाचा.

सगळ्यात धोकादायक पिवळा धोत्रा, इथल्या भाषेत सत्यानाशी. तो अफूच्या कुळातला. पानांवर काटे, पांढऱ्या शिरा, तोडल्यावर पिवळा चीक, पाकळ्या बहुधा सहा आणि काटेरी बोंड. रोप उभं असताना कुणी त्याला मोहरी समजणार नाही. घोटाळा बियांत होतो. त्याच्या काळ्या बिया मोहरीत मिसळतात, मुद्दाम किंवा कापणीत नकळत, आणि तेलात उतरलेल्या सँग्विनरीनमुळे पायांना सूज, धाप, हृदयविकार असा जलशोथ होतो. 1998 मध्ये दिल्लीत अशाच भेसळीच्या मोहरी तेलानं साठाहून अधिक माणसं दगावली. घरी करायची परीक्षा सोपी आहे. मोहरीचा दाणा गुळगुळीत, धोत्र्याचा खरखरीत. दाणा चिरडून आतला रंग बघा: मोहरी पिवळी, धोत्रा पांढरा. सुटी मोहरी घेणाऱ्यांनी ही सवय लावून घ्यावी. पण घाण्यातून निघालेल्या तेलाला ही परीक्षा उपयोगी नाही. त्याला प्रयोगशाळाच हवी.

दुसरी पिवळी तिळवण, हिंदीत हुलहुल. हिला तर कित्येक जण सरळ रानमोहरी म्हणतात, आणि त्यात थोडं तथ्यही आहे: तिचं कूळ मोहरी कुळाचं सगळ्यात जवळचं नातेवाईक मानतात. गढवालमध्ये तिच्या बिया ‘जखिया’ म्हणून फोडणीला घालतात. पण ती पावसाळ्यातली, अंगाला चिकट, पान तीन ते पाच पर्णिकांचं. पाकळ्या चारच, तरी फुली होत नाही; चारही वरच्या बाजूला पंख्यासारख्या उभ्या राहतात. पुंकेसर सहापेक्षा जास्त. शेंग लांब, पण आत पडदा नाही. पडद्याची खूण इथे कामाला येते.

तिसरा माझा गुन्हेगार, पित्तपापडा. उत्तर हिंदुस्थानात या नावानं फ्युमारिया ओळखतात: निळसर हिरवी, धाग्यासारखी पानं, गुलाबी-पांढरी फुलं आणि त्यांना मागे छोटी शेपटी, एकबीजी गोल फळ, चव कडू, आणि चुरगाळल्यावर झणका नाही. महाराष्ट्रात मात्र पित्तपापडा म्हणून अडुळशाच्या कुळातली भलतीच रोपं वापरात आहेत. म्हणजे पुण्याहून आलेल्या पुस्तकातला पित्तपापडा जबलपुरात शोधला तर नाव जुळेल, झाड जुळणार नाही. म्हणून लोकनाव लिहून ठेवा, पण त्याच्यावर औषध करू नका.

चौथं गाजर गवत. कोवळेपणी त्याचीही कातरलेली पानं जमिनीला चिकटून चक्राकार पसरतात, आणि लेपिडियम डिडिममला लोक हमखास तेच समजतात. गाजर गवताच्या पानांवर मऊ लव असते, रंग करडट हिरवा. आपलं तण जवळजवळ गुळगुळीत आणि चकचकीत. गाजर गवताला मधून एक ताठ खोड उठतं, वर पांढऱ्या टिकल्यांसारखे फुलांचे झुपके. पुण्यात 1955 मध्ये नोंद झालेलं हे तण आज देशभर आहे आणि त्यानं कातडी उतते, म्हणून खात्री होईपर्यंत हातमोजे घाला.

नमुना कसा घ्यावा

डिसेंबर ते मार्च हा हंगाम. दहापट भिंग, मिलीमीटरची पट्टी, एक सुई, पांढरा कागद, एवढंच सामान. भिंग डोळ्याला चिकटवा आणि रोप भिंगाकडे आणा. नवखे नेमकं उलटं करतात आणि काही दिसत नाही म्हणून वैतागतात.

रोप मुळासकट उपटा. बुडाची पानं, वरची पानं, फुलं आणि पिकलेली फळं, चारही हवीत. मोहरी कुळात बुडाचं पान एक सांगतं आणि वरचं दुसरं, म्हणून नुसता शेंडा खुडून आणलेला नमुना कुणालाच ओळखता येत नाही. फोनवर फोटो काढायचे तर फळाचा जवळून, पट्टीसकट काढा. फोनमधली ओळखपट्टू अॅप्स बहुतेक पानावर आणि फुलावर अंदाज बांधतात. या कुळात त्यांचा पहिला अंदाज मी फारसा धरत नाही. सुचवलेल्या नावांची यादी मात्र उपयोगी असते, शेंग घेऊन तिच्याशी ताडायला.

वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून वजन ठेवा. पहिले चार-पाच दिवस रोज कागद बदला, नाहीतर काळं पडतं. फळं सुकताना सुटून पडतात, ती कागदाच्या पुडीत घालून त्याच पानाला चिकटवा. आणि चिठ्ठी लिहा: तारीख, गाव, जागा कशी (वाफा, गटार, गाळ, गहू), फुलांचा रंग, आणि वास. रंग आणि वास वाळल्यावर उरत नाहीत, म्हणून ते त्याच दिवशी लिहायचे. तारीख नसलेला नमुना म्हणजे पत्ता नसलेलं पत्र.

जबलपूरकरांचं नशीब असं, की देशातलं तणांचं मुख्य संशोधन केंद्र आपल्याच गावात आहे. 1989 मध्ये सुरू झालेली ही संस्था अधारतालजवळ महाराजपूरला आहे, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची; रिक्षावाल्याला ‘खरपतवार अनुसंधान’ म्हटलं की बहुधा नेतो. गाजर गवत खाणारा मेक्सिकन भुंगा वाढवून वाटण्याचं काम तिनं वर्षानुवर्षं केलं आहे. शेजारीच 1964 चं जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय. वनस्पतींची नोंद ताडून बघायची तर ओमाचन आणि श्रीवास्तव यांचं 1996 चं ‘फ्लोरा ऑफ जबलपूर’ ग्रंथालयात मागा. महाराष्ट्रातल्या वाचकांना पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम केंद्र आणि आघारकर संस्था, मुंबईत सेंट झेवियर्सचं ब्लॅटर हर्बेरियम. कुठेही जाण्याआधी विचारून जा, आणि रिकाम्या हातानं जाऊ नका. दाबलेला, चिठ्ठी लावलेला नमुना न्या. त्या एका गोष्टीनं समोरच्याचं वागणं बदलतं.

ओळख पटल्यावर

नाव कळलं की काय करायचं? घरच्या बागेत उत्तर साधं आहे: चष्मे तयार होण्याआधी उपटा. या रोपावर शेकड्यांनी फळं धरतात आणि ती तुमच्या चपलेच्या चिखलातून पुढच्या वाफ्यात जातात. मोहरी, मुळा, कोबी लावत असाल तर हयगय नको, कारण जानेवारीतला मावा आणि पांढरा तांबेरा यांना पिकाच्या कुळातलं तणही आसरा देतं. ओळख पटवायलाही याची मदत होते. मोहरीवर काळपट हिरव्या माव्याची झुंबड उडालेली असताना शेजारच्या अनोळखी तणावरही तोच मावा दिसला, तर भिंग काढा; किडीला कूळ आपल्याआधी कळलेलं असतं.

शेतात फवारणी करायची तर थांबा. गव्हातलं रुंद पानांचं तण मारणारं 2,4-डी मटार, हरभरा, मसूर आणि मोहरीलाही मारतं, आणि आपल्याकडे गव्हाच्या धुऱ्यावर मोहरीच्या ओळी असतातच. कुठलं औषध, किती आणि पेरणीपासून कितव्या दिवशी, हे डब्यावरची चिठ्ठी वाचून आणि वर सांगितलेल्या संस्थेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारून ठरवा. दुकानदार नमुना बघत नाही.

खायचा मोह झाला तर अळीव खा. गटाराकाठचं किंवा फवारलेल्या शेतातलं तण, मग ते कितीही मोहरीच्या घराण्यातलं असो, ताटात नको.

काकूंनी त्यानंतर माझ्याकडून एकही औषधी पाला नेलेला नाही, पण या जानेवारीत त्या स्वतःच त्यांच्या अंगणातल्या एका रोपाची चुरगळलेली फांदी घेऊन कुंपणाशी आल्या आणि म्हणाल्या, “आधी फळ बघा, मग बोला.” फळ अजून धरलेलं नव्हतं. आम्ही ते रोप तसंच ठेवलं, खुणेला शेजारी काडी रोवली, आणि तीन आठवड्यांनी चष्मे दिसले.

तुमच्याकडेही असं एखादं रोप असेल तर आजच काडी रोवा. एप्रिलच्या उन्हात ते वाळून जातं, आणि मग पुढच्या डिसेंबरपर्यंत बघायला मिळत नाही.